बेरियमच्या एक्स-रेत ढेकर दाबून ठेवायला का सांगतात?

बेरियम म्हणजे एक्स-रेत पांढरं उमटणारं पेय; ते पाजून अन्ननलिका आणि जठर तपासतात. त्यात फसफसणारी पावडर द्यायची आणि वर ढेकर देऊ नका म्हणायचं, असं का? शिवाय घट्ट आणि पातळ असं दोन तऱ्हेचं बेरियम कशाला? असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

रिकाम्या जठराच्या आतल्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. पावडरीतला सोडा आणि आम्ल ओले झाले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, जठर फुगतं, घड्या उलगडतात. मग 250 टक्क्यांच्या आसपासचं (म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 250 ग्रॅम) घट्ट बेरियम अस्तरावर रंगाच्या पातळ हातासारखं बसतं. ढेकर दिला की वायू गेला, घड्या पुन्हा मिटल्या, आणि त्यांत लहानसा व्रण सहज लपतो.

टेबलावर पूर्ण कुशीपालट करायला लावतात तेही हा लेप सगळीकडे बसावा म्हणूनच. लेप चांगला बसला की जठराच्या अस्तरावर 2-3 मिलिमीटरची बारीक जाळी दिसते. एक्स-रे पाहताना मी आधी तीच शोधतो. जठरात पाणी किंवा अन्न उरलं असेल तर बेरियम पातळ होतं, फाटतं, म्हणून सहा तास पोट रिकामं हवं. धूम्रपानही नको, त्याने पाचकरस वाढतो. बुडबुडे मात्र फसवतात, हुबेहूब पॉलिपसारखे (अस्तरावरच्या गाठीसारख्या वाढीसारखे) दिसतात. कूस बदलली की बुडबुडा सरकतो, पॉलिप जागा सोडत नाही.

पातळ बेरियम मुख्यतः अन्ननलिकेसाठी. पालथं, थोडं उजव्या कुशीवर झोपवून एकेक घोट देतात. उभ्याने बेरियम आपल्या वजनानेच खाली उतरतं आणि स्नायूंचा दोष झाकला जातो. गिळलं की नलिकेचे स्नायू वरून खाली लाटेसारखे आकुंचन पावतात. पहिली लाट संपण्याआधी दुसरा घोट घेतला तर ती लाट तिथेच थांबते, आणि निरोगी नलिकाही दुबळी वाटते. म्हणून घोटांमध्ये थांबा म्हटलं की खरंच थांबा. शेवटी भराभर प्यायला सांगतात, कारण खालचं टोक पूर्ण ताणल्याशिवाय तिथलं अरुंद कडं किंवा हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) दिसत नाही.

आतडी शांत करायला हायोसिन ब्यूटिलब्रोमाइडचं 20 मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर ते आधीच सांगा. अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र असल्याची शंका असेल तर सुरुवात बेरियमने करत नाहीत. ते छातीत वा पोटात सांडलं तर तिथे दाह होतो. अशा वेळी बेरियमऐवजी पाण्यात विरघळणारं, एक्स-रेत दिसणारं द्रव वापरतात. पण गिळताना ठसका लागत असेल तर तेही आयोहेक्सॉलसारखं सौम्य हवं, कारण तशा प्रकारचा तीव्र द्रव फुप्फुसात गेला तर तिथे पाणी साचतं.

पोटाचं सीटी स्कॅनही ठरलं असेल तर ते आधी उरका. उरलेल्या बेरियममुळे त्यात पांढरे पट्टे उमटतात.