देवळाची ओढच उरली नाही

प्रश्न : माझे वय ४३. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. वडील मिशनच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे रविवारची उपासना चुकवण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. पुढे चाकणला कारखान्यात नोकरी लागली आणि पाळ्यांमुळे रविवार कधी हाती लागे, कधी नाही. मार्च २०२० मध्ये देवळे, म्हणजे आमची चर्चे, बंद झाली. १६ नोव्हेंबरला ती उघडली, तरी मी गेलो नाही. २०२१ मध्ये ती पुन्हा बंद होऊन ऑक्टोबरात उघडली, तेव्हा तर मनात विचारही आला नाही. गेल्या नाताळात पत्नीच्या आग्रहाखातर गेलो. गीते गायली, नंतर प्रभुभोजनही (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेतले, पण मन कोरडेच राहिले. पुढचे दोन रविवार ओढूनताणून गेलो आणि सोडून दिले. घरी मी प्रार्थना करतो. माझे कोणाशी भांडण नाही. मग माझा विश्वास संपला, असे समजायचे का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : सप्रेम सलाम. घरी प्रार्थना करणाऱ्या माणसाचा विश्वास संपला, असे म्हणायला मी तरी धजणार नाही. तुमच्या पत्रात देवाविषयी तक्रार नाही. आणि विशेष म्हणजे तुम्ही गेलात त्या देवळातल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. लहानपणी तुम्ही देवळात जात होता तेव्हा बाजूला वडील होते, मागच्या बाकावर शाळासोबती होते, आणि फळ्यावर गीताचा क्रमांक दिसताच पुस्तक न उघडता पहिले कडवे ओठांवर येत होते. तो सारा गोतावळा नगरला राहिला. चाकणच्या मंडळीत (चर्चच्या समुदायात) तुम्ही पाहुण्यासारखे बसलात, आणि पाहुण्याला तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येणे स्वाभाविक आहे.

हा दोष आजचा नाही. बायबलमधल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (१०:२५) एकत्र मिळणे सोडू नका असे सांगताना ‘कित्येकांच्या चालीप्रमाणे’ असे शब्द आले आहेत; म्हणजे पहिल्या शतकातच काही जणांची ती सवय मोडली होती. हे वचन न येणाऱ्यांच्या अंगावर फेकण्यासाठी आम्ही पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) फार वापरले. त्याच वाक्यात एकमेकांना बोध करण्याचे काम सर्वांवर सोपवले आहे, हे सांगायचे मात्र पुष्कळदा राहून गेले.

मला तुमच्या बाबतीत येशूचा शिष्य थोमा आठवतो. येशू मेलेल्यांतून उठला त्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो इतर शिष्यांबरोबर नव्हता; इतरांनी सांगितले तेव्हा, स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे त्याने स्पष्ट सुनावले. तरीही आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले तेव्हा तो त्यांच्यात होता, आणि त्याला कोणी बाहेर काढले नव्हते. ओढ नसताना येऊन बसलेला माणूस ढोंगी ठरत नाही, हे मी त्यावरून शिकलो. स्वतःचेच सांगतो : निवृत्तीनंतर प्रथम बाकावर बसलो तेव्हा कित्येक महिने उपासना मला लांबलचक वाटत असे, आणि आपणही लोकांना इतकेच ताटकळत ठेवत होतो की काय, या विचाराने कान लाल होत.

तुमची ओढ एखाद्या जुन्या अपमानामुळे आटली असती, तर मी निराळे लिहिले असते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीसुद्धा १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. पण तेही भक्तांची सोबत सोडून एकटे बसले नाहीत. घरची प्रार्थना खरी असली, तरी तुम्ही आजारी पडल्याचे तिला कळत नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसाला ते कळते.

म्हणून तूर्त दर रविवारचा संकल्प करू नका. मंडळीतल्या एका कुटुंबाला जेवायला बोलवा, किंवा आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा पाळीत बसत असेल तर तिला जा. दहा माणसांत नावे लवकर कळतात. वडिलांचे गीतांचे पुस्तक गावी असेल, तर ते घेऊन या. पत्नीलाही मनातला कोरडेपणा सांगा, कारण तुम्ही सुधारलात या समजुतीने ती आनंदात असेल आणि पुढे तिला अधिक दुःख होईल.

तुमच्या पाळकसाहेबांना मात्र आधी भेटून एक विनंती करा : उपासनेनंतर दारात हात मिळवताना ‘बऱ्याच दिवसांनी दिसलात’ एवढे वाक्य त्यांनी टाळावे. मी ते वर्षानुवर्षे प्रेमानेच म्हणत आलो, आणि ते ऐकून पुन्हा न आलेली तीन माणसे आजही मला बाजारात भेटतात.