‘इतिहास आणि ध्येय’ हे पान तुझ्या वाट्याला आलंय म्हणून

प्रिय बाळ,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि तू घाईत, पण कळलं ते असं की नोकरीला लागून दोन महिने होत नाहीत तोवर प्राचार्या मॅडमनी कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतलं ‘इतिहास आणि ध्येय’ हे पान नव्याने लिहायचं काम तुला दिलंय, कारण काय तर तुझं मराठी चांगलं आहे. मराठी चांगलं असणाऱ्याच्या गळ्यात स्टाफरूममधे कायम असलीच कामं पडतात, अहवाल, सूत्रसंचालन, निरोप समारंभाचं मानपत्र. सवय करून घे.

तू विचारलंस की ख्रिश्चन महिला अध्यापक विद्यालय म्हटल्यावर नक्की काय लिहायचं, जुनं पान तर ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य अविरत सुरू आहे’ एवढ्यावरच संपतं. मला हसू आलं. आमच्या वेळचं तसलं पान मीच लिहिलं होतं. नोकरीचं चौथं वर्ष, मी संस्थापकांचे फोटो मागवले, इमारतीची कोनशिला उतरवून घेतली, सगळे विश्वस्त मानाच्या क्रमाने लावले, आणि छापून आल्यावर आमच्या शिपाईबाई म्हणाल्या, बाई, ह्यात पोरी कुठंयत? तेव्हा राग आला होता. आता तुला तेच सांगायला बसलेय.

तू सुरुवात कोनशिलेपासून करू नकोस. सुरुवात एका अडचणीपासून कर. दोनशे वर्षांपूर्वी मुलींची शाळा काढायची म्हटलं तर पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, जागेचाही नव्हता, शिकवणार कोण हा होता. बाई पाहिजे, कारण पुरुष मास्तरापुढे घरचे मुलगी बसवणार नाहीत, आणि बाई आणायची कुठून, कारण शिकलेली बाईच नाही. म्हणजे मुली शिकायला बाई हवी आणि बाई मिळायला आधी कुठलीतरी मुलगी शिकलेली हवी. सुरुवातीला मिशनच्या मुलींच्या शाळांतसुद्धा शिकवायला पंतोजीच ठेवावे लागत. हे कोडं ज्या जागी सुटलं ती जागा म्हणजे ट्रेनिंग कॉलेज. तेव्हा त्याला नॉर्मल स्कूल म्हणायचे. (तुझ्या वर्गातली कुणीतरी हमखास विचारेल की मग अ‍ॅबनॉर्मल स्कूल कुठं असायचं. फ्रेंचांकडून आलेला शब्द आहे, नॉर्म म्हणजे नमुना, नमुन्याबरहुकूम शिकवायला शिकवणारी शाळा.)

आता नगरला ये. आता अहिल्यानगर म्हणायचं खरं, पण माझ्या तोंडातून जात नाही. सिंथिया फरार नावाची एक अमेरिकन बाई, जन्म १७९५ चा, तिशी उलटलेली, बिनलग्नाची, १८२७ च्या डिसेंबरात जहाजाने मुंबईला उतरली ती तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मिशनसाठी मुलींच्या शाळा चालवायला. मधे आजारपणाने मायदेशी गेली, परत आली, १८३९ पासून नगरला राहिली आणि १८६२ ला तिथेच वारली. एवढंच. तिचा पुतळा नाही, जयंती नाही, आपल्या डी.एड.च्या पुस्तकातही मला तिचं नाव कधी सापडलं नाही. पण जोतीराव फुल्यांनी १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात स्वतः सांगितलंय की नगरला मित्राबरोबर मिस फरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, तिथली शिस्त आणि शिकवणं आवडलं, आणि पुण्याला येऊन शाळा काढली. ती १८४८ ची भिडेवाड्यातली. आणि सावित्रीबाईंचं ट्रेनिंग नगरला ह्याच फरारबाईंकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमधे झालं असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मिचेलबाई म्हणजे स्कॉटिश मिशनच्या मिचेल पाद्रींच्या पत्नी.

शेणाचा आणि पिशवीतल्या दुसऱ्या लुगड्याचा प्रसंग पानात घालू नकोस. तो तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, प्रत्येक शाळेत प्रत्येक भाषणात येतो आणि तो ऐकताना सगळे बाईंच्या धीराकडेच बघतात, बाईंच्या कामाकडे कुणी बघत नाही. त्या शाळेत जाऊन काय करत होत्या? शिकवत होत्या, आणि शिकवायचं कसं ते आधी शिकून आल्या होत्या. नुसत्या धीरावर चाळीस मिनिटांचा तास निघत नाही गं, तुला ह्या दोन महिन्यांत कळलं असेलच. त्या शिकवण्याचा पुरावा हवा असेल तर मुक्ताबाई घाल. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’नेच छापला, आणि त्यात ती विचारते की आम्हाला वेद वाचायला बंदी, मग आमचा धर्म कुठला. तीन वर्षं शिकलेली मुलगी असं लिहिते म्हटल्यावर तिला शिकवणाऱ्याने फक्त बाराखडी गिरवून घेतली नव्हती हे उघड आहे. माझ्या निरीक्षण वहीत मी छात्राध्यापिकांना ‘विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले’ याचे गुण द्यायचे, आणि खूप वर्षांनी सुचलं की ‘विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले’ असा रकानाच आपल्या वहीत नाही.

दुसरी बाई रमाबाई. इथे मी जरा जास्त वेळ बसणार आहे, कंटाळू नकोस, कारण ध्येयाचा मजकूर तुला इथून मिळेल.

१८८२ साली हंटर साहेबांचं शिक्षण कमिशन पुण्याला आलं तेव्हा पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. वय चोवीस, नवरा वारलेला, कडेला लहान मुलगी. अजून ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल. त्यांनी सांगितलं की मुलींना शिकवायला बायका हव्यात, त्यांना रीतसर ट्रेनिंग हवं, त्यांना स्वतःची भाषा शुद्ध यायला हवी, पगार आणि मान चांगला हवा, शिकणाऱ्या मुलींची राहायची सोय कॉलेजच्या आवारातच हवी, आणि तपासणीला इन्स्पेक्टरही बाईच हवी. का, तर त्या म्हणाल्या शंभरातले नव्व्याण्णव शिकलेले पुरुष बायकांच्या शिक्षणाच्या विरोधात आहेत, मोहरीएवढी चूक दिसली की तिचा डोंगर करतात आणि बाईच्या चारित्र्यावर जातात. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तुझ्या हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना हे वाचून दाखव, काय म्हणतात ते मला कळव.

मग त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजला सिस्टरांच्या मठात राहिल्या, तिथेच १८८३ च्या सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमधे शिकायला आणि संस्कृत शिकवायलाही. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील, आणि त्यांनी त्याच सुमारास, १८८५ ला, सेंट हिल्डा हे बायकांचं निवासी ट्रेनिंग कॉलेज काढलं. म्हणजे आपल्या रमाबाई साक्षीत मागत होत्या तसलंच कॉलेज डोळ्यासमोर उभं राहत होतं. त्याच वेळी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं निघालं तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. कसं वाटतं? पुण्यात शास्त्री, तिकडे बिशप. आणि रमाबाईंनी सिस्टरना पत्रातून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता दुसऱ्या तसल्याच जोखडाखाली मान द्यायची तयारी नाही.

१८८६ ला अमेरिका, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला, ११ मार्चला. समारंभ झाला की परत यायचं असं ठरलेलं, पण राहिल्या, आणि फिलाडेल्फियात किंडरगार्टनचं ट्रेनिंग घेतलं. कल्पना कर, संस्कृत पंडितीण, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ पदवी दिलेली, आणि ती बसलीय किंडरगार्टन काढणाऱ्या फ्रोबेलचे लाकडी ठोकळे मांडायला शिकत. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो आणि भाषणात तो कुणी घेत नाही. तिथेच इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू बाईच्या तीन गरजा मांडल्या, स्वावलंबन, शिक्षण आणि इथल्याच मातीतल्या स्त्री-शिक्षिका. तिसरी गरज नीट वाच. तुझ्या पानाचं ध्येय हेच आहे, १८८७ मध्ये लिहून ठेवलेलं, ‘सर्वांगीण विकास’ वगैरे घालायची गरजच नाही.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी राहून शिकायची शाळा. तारीख बघितलीस ना. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, म्हणजे कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्री-शिक्षणाच्या कामाचा एक धागा इथून जातो. सदन पुण्याला आलं, आणि १८९३ ला भडका उडाला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात यावरून केसरीत रान उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

आणि इथेच तू अडखळणार. धर्मांतराचं काय लिहायचं? मी एकोणतीस वर्षं ख्रिस्ती संस्थेत नोकरी केली, मी स्वतः ख्रिस्ती नाही, सकाळच्या प्रार्थनेला रोज उभी राहिले, ना. वा. टिळकांची पदं मला आजही तोंडपाठ आहेत, आणि माझ्या सासरी पहिली पाच वर्षं हाच विषय जेवताना निघायचा. तर माझं मत सांगते. लपवू नकोस. मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचाच होता, ते तसं उघड सांगायचे, आणि ते पानातून गाळलंस तर वाचणाऱ्याला वाटेल पुढचंही काही गाळलंय. पण शिकायला आलेल्या बायांनी त्या शिक्षणाचं काय केलं हे पण लिही. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, सत्यशोधक झाल्या. रमाबाई झाल्या, तर चर्चशीही भांडल्या. ट्रेनिंग मिळालेली बाई ट्रेनिंग देणाऱ्याच्या हातात राहत नाही, माझ्याही छात्राध्यापिका राहिल्या नाहीत, एकीने तर पहिल्याच वर्षी माझंच पाठ टाचण चुकीचं काढलं आणि ते खरंच चुकीचं होतं.

केडगाव थोडक्यात घे. १८९६ नंतरचा दुष्काळ, रमाबाईंचं मुक्ती मिशन, शेकड्यांनी आणलेल्या मुली, छापखाना मुलींनीच चालवलेला. फक्त एक ध्यानात घे की तिथे जात बघून प्रवेश नव्हता, शारदा सदनातली ती उच्चवर्णीय चौकट दुष्काळात आपोआप मोडली. सरकारी बाजू पण एका वाक्यात दे नाहीतर कुणीतरी पत्र पाठवेल, इंग्लंडच्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर १८६६ ला येऊन गेल्या, स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी मागे लागल्या आणि १८७० ला पुण्यात सरकारी फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालं. म्हणजे सगळंच मिशनने केलं असं नाही. महाराष्ट्राबाहेरचं हवं असेल तर लखनौची अमेरिकन मिशनरी इझाबेला थोबर्न, १८७० ला सहा मुलींवर सुरू केलेली शाळा, तिचं पुढे कॉलेज झालं. पण नको, पसरेल.

आता तुझ्या कॉलेजचं. कपाटावर, रेकॉर्ड रूममधे, नाहीतर जिन्याखाली जनरल रजिस्टर असेल, प्रवेशाचं. सगळ्यात जुनं काढ, रुमाल बांध तोंडाला, मला त्याच धुळीचा दमा लागला. गाव, वडिलांचा धंदा, विवाहित की विधवा, आणि शेवटचा रकाना, सोडून गेल्याचं कारण. तिथे कुणाचं ‘नेमणूक झाली’ असेल, पुढे गावाचं नाव. ती गावं एका कागदावर लिहून काढ. पाच-पन्नास गावं निघाली की नकाशा कर आणि पानावर फोटोच्या जागी तो लाव. ज्या गावात त्या बाईच्या आधी बाई नव्हती, तिथे तुझ्या कॉलेजचा इतिहास आहे, कोनशिला फक्त पत्ता सांगते. आणि नावं छापू नकोस, नुसती गावं, कुणाच्या घरची विधवा होती ते आज त्यांच्या पणतूला छापलेलं नको असेल.

एक वाईट गोष्टही सांगून ठेवते. डी.एड.ची दैना तू बघतेसच, भरती रखडत चालते, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊन पोरी घरी बसल्यात, कितीतरी अध्यापक विद्यालयं बंद पडली, तुझ्याही वर्गात किती बाकं रिकामी असतात ते तू मेसेजमधे हळूच सांगितलंस. मॅडम म्हणतील ते लिहू नको. ते माहितीपुस्तिकेत लिहायचं नसतंच, पण वर्गात बसलेल्या मुलींना माहीत असतं, म्हणून ‘उज्ज्वल भवितव्य’ हे दोन शब्द तरी टाळ. त्याऐवजी तुम्ही काय शिकवता ते लिही. सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, फलक लेखन, चार महिन्यांची आंतरवासिता, वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत कशा सांभाळायच्या, हे सगळं साध्या शब्दांत. फरारबाईंना आणि मिचेलबाईंना यातलं बरंचसं ओळखू आलं असतं, हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या त्या पाच पायऱ्या, सोडून. ती मलाही कधी नीट ओळखू आली नाही.

रजिस्टर सापडलं तर शनिवारी फोन कर, मी येते, एसटी साडेआठची आहे. चष्मा आणि भिंग घेऊन येईन, मोडी निघाली तर माझ्या शेजारच्या काकांना येते, त्यांना पण घेऊन येईन, फक्त त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, स्क्रीनवर डोळे दुखतात, प्रिंट काढ, डाव्या बाजूला समास सोड, लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझी,
बाई