कामच माहीत नसलेल्या रिसेप्टरवर पीएचडी करावी का?

प्रश्न : माझी मुलगी कराडला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या एका व्याख्यानात तिनं ‘ऑर्फन रिसेप्टर’बद्दल ऐकलं आणि आता त्यावरच संशोधन करायचं म्हणते. धाकटे दीर म्हणतात, ज्याचं काम काय हेच कुणाला ठाऊक नाही, त्यात पोरीनं पाच-सात वर्षं घालवायची आणि पुढं काय? तिला अडवावं का?

उत्तर : ताई, अडवू नका. पण दिरांचा प्रश्नही झटकून टाकण्यासारखा नाही.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रुतलेलं प्रथिन. बाहेरून ठरावीक रेणू येऊन चिकटला की ते पेशीच्या आत निरोप पोचवतं. यांतलं सर्वांत मोठं कूळ जीपीसीआर (जी-प्रोटीन कपल्ड रिसेप्टर). माणसात ते सुमारे ८०० आहेत, त्यातले निम्मे वास घेण्याचे. मान्यताप्राप्त औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश याच कुळावर काम करतात. बीपीची मेटोप्रोलॉल, सर्दीची सेट्रिझिन ही त्यातलीच. तुमच्या घरातही असतील. तरी शंभरेक रिसेप्टर असे उरलेत की त्यांना काय चिकटतं, हेच नक्की झालेलं नाही. तेच हे ऑर्फन, म्हणजे अनाथ.

काम माहीत नाही म्हणजे कामाचं नाही, असं मात्र नव्हे. अमेरिकेत डॅलसला मासाशी यानागिसावा यांच्या प्रयोगशाळेनं असे अनेक रिसेप्टर पेशींवर बसवले आणि उंदराच्या मेंदूचा अर्क वेगवेगळा करून त्यांच्यावर सोडून पाहिला. एका रिसेप्टरनं दाद दिली. त्याला चिकटणारा मेंदूतला रेणू, ओरेक्सिन, असा १९९८ मध्ये सापडला. ते दिल्यावर उंदीर जास्त खायला लागले, म्हणून भुकेचं रसायन असेल असं वाटलं. ओरेक्सिन नसलेले उंदीर तयार करून रात्री इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं चित्रण केलं, तर ते चालता चालता एकदम कोसळत होते. हा नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार होता. त्याच सुमाराला स्टॅनफर्डमध्ये या आजाराच्या डॉबरमन कुत्र्यांत ओरेक्सिनच्या रिसेप्टरचंच जनुक बिघडलेलं आढळलं. तो रिसेप्टर अडवणारी निद्रानाशाची गोळी, सुवोरेक्सांट, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. म्हणजे सोळा वर्षं! आणि ही यशाची गोष्ट झाली. कितीतरी रिसेप्टरवर माणसं वर्षानुवर्षं घासतात आणि हाती काही लागत नाही.

रोजचं काम कसं असतं, तेही मुलीला कळू द्या. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग घालायचा, एकेक रसायन सोडायचं आणि बघत बसायचं. बहुतेक खाचा अंधारातच राहतात. मधेच बुरशी लागली की पेशी टाकून पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून तिला माझा सल्ला एवढाच, की एका रिसेप्टरच्या प्रेमात पडू नकोस. गाइड आणि तंत्र पाहून प्रयोगशाळा निवड. प्रबंधाचा एक भाग माहितीतल्या रिसेप्टरवर असू दे, म्हणजे दुसरा फसला तरी पदवी अडणार नाही. पेशी वाढवणं, क्लोनिंग (जनुकाच्या प्रती काढणं), फ्लो सायटोमेट्री (यंत्रातून एकेक पेशी तपासणं) आणि थोडं प्रोग्रामिंग हाताशी असलं की औषध कंपन्यांचे दरवाजेही उघडे राहतात.

पदवीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीची (एम.एस्सी. आणि पीएचडी एकत्र) सोय मुंबईची टीआयएफआर, बंगळूरची एनसीबीएस आणि पुण्याची आयसर या संशोधन संस्थांत आहे. नुसती एम.एस्सी. करायची असेल तर जॅम किंवा गॅट-बी या प्रवेशपरीक्षा. आयआयटी कानपूरला अरुण शुक्ला यांची प्रयोगशाळा जीपीसीआरवरच काम करते. त्यांचे पेपर तिनं आत्तापासून चाळावेत. सगळे कळणार नाहीत, हरकत नाही.

पैशांचं म्हणाल, तर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,००० आणि घरभाडं वेगळं. बरोबरीच्या मुली आयटीत याहून जास्त कमावतील आणि लग्नाच्या चौकश्याही याच वर्षांत सुरू होतील. ते तुम्ही आणि तिच्या बाबांनी आत्ताच बोलून घ्या, दिरांनाही बसवा.

देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात त्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास भरून घेतात. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढले की हौस आहे की आवड, ते तिचं तिलाच कळेल. शिफारसपत्र लागतं, तेव्हा सरांना आधीच गाठायला सांगा.