अर्थिंग नसलेल्या घरात कॉम्प्युटर आणि कुलर

प्रश्न : आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. वायरिंग जुनं, लाकडी पट्टीवरचं, दोनच तारांचं. मुलीच्या कॉम्प्युटरच्या सीपीयूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. गावातल्या वायरमनने बोर्डातच न्यूट्रलपासून (करंट परत नेणारी तार) अर्थच्या भोकात वायरचा एक तुकडा जोडून दिला. झिणझिण्या थांबल्या. हे असंच राहू दिलं तर चालेल का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तो तुकडा आजच काढा. मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, मगच बोर्ड उघडा. समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, खाली उजवीकडे फेज (करंट आणणारी तार), डावीकडे न्यूट्रल. डावीकडून वर गेलेला तुकडा दिसला की तो काढायचा.

झिणझिण्या थांबल्या, कारण सीपीयूचा पत्रा आता न्यूट्रलला बांधला गेला आहे. पण खांबावर न्यूट्रलचा जोड सुटला, की चालू दिव्या-पंख्यांतून फेज परत न्यूट्रलच्या तारेत उतरतो आणि त्या तुकड्यातून सरळ पत्र्यावर येतो. पूर्ण २३० व्होल्ट. वादळानंतर खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर जोडताना फेज-न्यूट्रल उलटे बसले तरी तेच. फ्यूज उडत नाही, कारण जादा करंट कुठे वाहतच नसतो.

आधीच्या झिणझिण्या बहुतेक साध्या होत्या. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज ते पत्रा आणि न्यूट्रल ते पत्रा असे दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून गळणारा करंट एरवी अर्थमध्ये जातो. अर्थ नसली की पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात, टेस्टरही पेटतो. पण करंट एक मिलिअँपिअरच्या आतला. मुंग्या आल्यासारखं वाटतं, हात ओढला जात नाही. हिसका बसत असेल तर बिघाड समजा आणि प्लग काढून ठेवा.

आता खरा उपाय. पहिला खर्च अर्थिंगच्या खड्ड्यावर नको, आरसीसीबीवर (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) करा. दुकानात ईएलसीबी म्हणूनही मागतात. दोन पोलचा, २५ किंवा ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा घ्या. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा स्वस्तात मिळाला तरी माणूस वाचवायला तो उपयोगाचा नाही. मीटरनंतर एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि त्यापुढे हा. फेज-न्यूट्रल दोन्ही त्यातूनच गेले पाहिजेत. अर्थिंग नसलं तरी तो काम करतो: फेजवरून गेलेला करंट न्यूट्रलवरून तेवढाच परत आला नाही, की तोडतो. मात्र वायरमनचा तो तुकडा राहिला तर गळती न्यूट्रलवरूनच परत येते, आणि आरसीसीबी गप्प बसतो. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तरीही तो तोडणार नाही.

मग खड्डा. ३८ मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, तिथून ८ नंबरची जीआय तार बोर्डापर्यंत. पुढे कॉम्प्युटर, फ्रीज, कुलर यांच्या सॉकेटपर्यंत २.५ चौरस मिमीची हिरवी तांब्याची वायर. मोबाइल चार्जर किंवा चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणाला अर्थ लागतच नाही. सगळं घर उकरू नका.

आपल्या काळ्या मातीची एक खोड आहे. पावसाळ्यात ती उत्तम अर्थ देते, एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि पाइपपासून सुटते. अशा वेळी खड्ड्याचा रोध ५० ओहम झाला, तर पत्र्यावर फेज आल्यावर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअरच वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी याला कधीच पडणार नाही आणि पत्रा तापत्या उन्हात करंट धरून बसेल. तोच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी क्षणात पडेल. म्हणून खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही हवेत. उन्हाळ्यात पाइपच्या तोंडाशी दर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घाला.

फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब पेटवून खड्डा ‘पास’ करायची पद्धत फसवी आहे. ५० ओहमच्या खड्ड्यावरही बल्ब जवळपास पूर्णच पेटतो. अर्थ टेस्टर (खड्ड्याचा रोध मोजणारं यंत्र) असलेल्या माणसाकडूनच मोजून घ्या.

प्रश्न : पत्र्याच्या कुलरला हात लागला की कधी कधी करंट मारतो. स्टँड लाकडी आहे. (एक वाचक, जि. वर्धा)

उत्तर : स्टँड लाकडी असल्याने कुलर जमिनीपासून सुटलेला राहतो, हात लावणारा माणूस मात्र ओल्या फरशीवर उभा असतो. बिघाड बहुतेक वेळा पाण्यातल्या पंपाच्या वाइंडिंगमध्ये किंवा त्याच्या वायरच्या जोडात असतो. प्लग काढून पंपाची वायर सोडवा आणि नुसत्या पंख्यावर कुलर चालवून टेस्टर पत्र्याला लावा, हाताने तपासू नका. दिवा लागला नाही तर पंप बदला, दुरुस्त करू नका. लागलाच तर दोष मोटर, स्विच किंवा वायरिंगमध्ये. कुलर बंद ठेवा. प्लग तीन पिनांचाच हवा, हिरवी वायर बॉडीच्या स्क्रूला घट्ट. पाणी भरताना किंवा वाळ्याच्या ताट्या बदलताना स्विच नव्हे, प्लग काढायचा. जुन्या बोर्डांत स्विच न्यूट्रलवर असणं काही नवल नाही, मग तो बंद केला तरी फेज आत येतच राहतो.

प्रश्न : आरसीसीबी बसवला, पण पावसाळ्यात रोज पडतो. काढून टाकू का? (एक वाचक, जि. अमरावती)

उत्तर : नको. जुन्या रबरी वायरींत ओल शिरून गळती होते. सगळे प्लग काढा, वायरमनकडून एकेक सर्किट फेज-न्यूट्रल दोन्हीकडून सोडवून घ्या. जे सुटल्यावर आरसीसीबी टिकतो, त्याचीच वायर बदला. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं ‘टी’चं (टेस्टचं) बटण दाबून तो पडतो का ते पाहा.