हवामानातला ‘फेरफार’

प्रश्न असा आला होता : अमेरिकेतल्या काही राज्यांनी ‘जिओइंजिनिअरिंग’वर, म्हणजे माणसाने मुद्दाम हवामान बदलू पाहण्यावर, बंदी घालणारे कायदे केले आहेत. त्याची बातमी मराठीत करताना ‘भू-अभियांत्रिकी’ चालेल का?

माझ्या मते नाही. ‘भू’ म्हटले की सिव्हिलवाल्यांना पाया आणि मातीपरीक्षण आठवते. इथे तर मामला आभाळाचा आहे. टेनेसीने २०२४ मध्ये कायदा केला, त्यात तापमान, हवामान किंवा सूर्यप्रकाशाची तीव्रता बदलण्याच्या हेतूने वातावरणात रसायने सोडायला मनाई आहे. जमिनीचा संबंध नाही.

मग ‘हवामान बदल’? तिथे तर गंमतच होते. ‘टेनेसीत हवामान बदलावर बंदी’ असा मथळा दिला, तर वाचणारा म्हणेल, बरे झाले बाबा, उकाडा गेला एकदाचा! ‘बदलणे’ हे क्रियापद दोन्हीकडून चालते : हवामान आपोआप बदलते आणि कोणी ते बदलतोही. ‘हवामान बदल’ या जोडशब्दात मात्र आता आपोआप घडणारा अर्थच पक्का बसला आहे, करणारा हात दिसत नाही. शिवाय आपले ‘हवामान’ आजच्या पावसालाही चालते आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. महाराष्ट्र शासनाच्या खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आहे, पण बोलताना तो शब्द कोणाच्या तोंडी येत नाही.

मी ‘फेरफार’ सुचवीन. तलाठ्याकडे फेरफार नोंद होते ती कोणीतरी जमीन विकली, वाटणी केली किंवा वारस लावले म्हणून. सातबारा आपसूक बदलत नाही. त्यामागे माणूस असतो, आणि या कायद्यांचा सगळा भर हेतूवरच आहे. ‘हिशोबात फेरफार’मधला संशयाचा वासही इथे शोभतो. फ्लोरिडात पूर्वी परवाना काढून हे करता येई. २०२५ च्या कायद्याने ती सोय काढून टाकली आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला. परवान्याच्या काळाबद्दल लिहिताना मी ‘हवामान नियंत्रण’ लिहिले असते, आता ‘फेरफार’च.

‘ढवळाढवळ’ नको, त्यात निकाल आधीच लागतो.

एक सावधगिरी. ‘कृत्रिम पाऊस’ हा आपल्याकडे रुळलेला, जवळजवळ लाडका शब्द. २०१९ मध्ये मराठवाड्यात त्यासाठी विमाने उडाली तेव्हा शेतकरी वर बघत होते. टेनेसीच्या व्याख्येत तोही बसतो. म्हणून बातमीत ‘हवामानातील फेरफार, कृत्रिम पावसासह’ असे एकदा तरी लिहा.