गवती चहाचं तेल काढायचंय? आधी भट्टी बघा, मग रोप

राम राम मंडळी. गगनबावड्याकडच्या एका दादांनी विचारलंय, "साहेब, डोंगराकडंची दोन एकर पड हाय, ऊस लावला तर गवे ठेवत नाहीत, एक कंपनीवाला म्हणतोय गवती चहा लावा, रोप आम्ही देतो, तेल आम्हीच घेतो, एकरी 200 किलो तेल पडतंय. लावू काय?" आणि आजऱ्याच्या एका ताईंना व्हॅनिलाचं पाहिजे. दोघांचं एकदमच सांगतो.

दादा, पीक वाईट नाही. निचऱ्याची उताराची जमीन चालते, गवा सहसा तोंड लावत नाही, पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी आणि मग दर अडीच-तीन महिन्यांनी, असं चार-पाच वर्षं चालतंय. पण तो 200 चा आकडा जरा कागदावर मांडा. टनभर हिरव्या गवतातून 5 ते 7 किलो तेल निघतं, तेही वाफेवर तेल काढायची भट्टी नीट असली तर. म्हणजे 200 किलोला 30 टनाच्या आसपास गवत पाहिजे, आणि ते कोरडवाहू डोंगरात, एका एकरात, एका वर्षात! ऊस हाय काय तो? 10-12 टन धरा, म्हणजे 60-70 किलो, पहिल्या वर्षी त्याहून कमीच. तेवढ्यात परवडतंय का ते बघा.

आता खरी गोम भट्टीत आहे. गुऱ्हाळ जवळ नसताना कोण ऊस लावून गूळ करायचा विचार करतो का, तसंच हे. गवत कापून थोडं सुकवलं तर चालतं पण ढिगात तापलं की तेल गेलं, त्यामुळं भट्टीची टाकी शेताजवळच पाहिजे, स्टेनलेस स्टीलची, लोखंडी गंजली की तेलाचा रंग बिघडतो. एका घाण्याला अडीच-तीन तास वाफ. जळण म्हणून तेच गवत वाळवून परत चुलवणात घालायचं, आपल्या चिपाडासारखं. दोन एकरासाठी स्वतःची टाकी घेऊ नका, शेजारचे चार-पाच जण गोळा करून दहा एकर होतंय का बघा. आणि तेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये अजिबात नको, पाणी नीट काढून अॅल्युमिनियमच्या डब्यात काठोकाठ भरा.

भाव ठरतो सिट्रलवर, म्हणजे तेलातल्या लिंबासारख्या वासाच्या घटकावर, 75 टक्क्यांच्या वर पाहिजे. हेच सिट्रल अत्तर, साबण, जीवनसत्त्व अ बनवायला लागतं, आणि कारखान्यातही तयार होतं. जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीच्या सिट्रल प्लँटला 2017 मध्ये आग लागली आणि जगभर सिट्रलची टंचाई झाली. म्हणजे डोंगरातल्या गवताची स्पर्धा कुणाशी आहे बघा, साखर कारखान्याचा काटा तरी डोळ्यासमोर असतो.

ताई, व्हॅनिलाला मी नकोच म्हणेन. मादागास्करमध्ये 2000 साली चक्रीवादळ झालं, भाव आभाळाला गेला, मग केरळ-कर्नाटकात लोकांनी सुपारीत वेल चढवले, आणि वेल शेंगा द्यायला लागेपर्यंत 2004 च्या सुमारास भाव कोसळला. फूल एक सकाळ टिकतं, तेवढ्यात हातानं परागीकरण, शेंग तयार व्हायला नऊ महिने, वर ती मुरवायला आणखी काही महिने. आणि आईस्क्रीममधला वास बहुतेक कारखान्यात बनवलेल्या व्हॅनिलीनचा, म्हणजे त्याच वासाच्या रसायनाचा असतो. तुमच्याकडं घनसाळ आहे की! त्या तांदळाला वास देणारा घटक बासमतीतलाच, भौगोलिक मानांकनही आहे, आणि त्याला भट्टी लागत नाही.

दादा, लावायचंच असलं तर यंदा पाच गुंठे, पावसाच्या तोंडाला, वाण कृष्णा. रोप कंपनीकडूनच घ्यायची सक्ती नाही, लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेचं अरोमा मिशन, म्हणजे सुगंधी पिकांची योजना आहे, तिथं चौकशी करा. कंपनीनं करारपत्र दिलं असंल तर सही करायच्या आधी मला आणून दाखवा, सिट्रल कोण तपासणार आणि कमी निघालं तर काय, ते त्यात लिहिलंय का बघतो.