बस्ता सोडण्याआधी : जुन्या कागदांविषयी वाचकांचे प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या स्थानिक इतिहास विभागात मी कागद सांभाळतो. गेल्या काही दिवसांत लोकांनी फोनवर, पत्राने आणि टेबलासमोर बसून जे विचारलं, त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

जुना वाडा उतरवताना बळदात (जाड भिंतीतल्या साठवणीच्या पोकळीत) आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. काही कागद मोडीत आहेत, काही उर्दूत. कडा झडताहेत. लॅमिनेशन करून घेऊ का? (उदगीर)

कृपा करून करू नका. लॅमिनेशनमध्ये गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डाग तेवढा अक्षरांवर राहतो. फाटलेला कागद सांधायचा तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू लागतो. ते काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

घाई आणखी एका बाबतीत करू नका. पेटी उघडल्यावर मोडी एकीकडे, उर्दू दुसरीकडे असे ढीग लावू नका. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक बस्ता, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, सोडला आणि मोठ्या हौसेने सगळे कागद तारीखवार लावले. त्यात उर्दू हुकुमांच्या घडीत मोडी पावत्या ठेवलेल्या होत्या. कोणती पावती कोणत्या हुकुमाची, हे त्या घडीशिवाय दुसरं कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि ती घडी मी मोडली होती. त्या पावत्या आजही आमच्याकडे आहेत, पण कशाबद्दलच्या आहेत ते कळत नाही. ही चूक मला अजून बोचते.

म्हणून आधी पेटी आहे तशी फोटोत घ्या. मग वरून खाली एकेक कागद काढा आणि मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात बारीक आकडा घाला. दाराच्या सावलीत, फ्लॅश न वापरता, चारही कडा दिसतील असे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. काजळाची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे ओलं फडकं लावू नका. झाल्यावर धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात, त्याच क्रमाने बांधा. वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवायला हरकत नाही, पण कसर आणि वाळवी खरी रोखली जाते ती ओल नसलेल्या जागेने आणि महिन्या-दोन महिन्यांनी बस्ता उघडून पाहिल्याने. आणि एका चिठ्ठीवर लिहा : कोणत्या वाड्यात, कोणत्या भिंतीच्या बळदात, कोणत्या दिवशी सापडलं.

आमच्या उर्दू कागदावर १३४७ साल आहे. एकाने ते हिजरी धरून १९२८ सांगितलं. पण आजोबा तेव्हा लहान होते, सही त्यांची कशी? (अंबड)

सही त्यांचीच असणार. निजामी सरकारी कागदावर बहुधा फसली, म्हणजे महसुली कारभाराचं साल असतं. विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजर महिन्याने सुरू व्हायचं. आजर, दै हे महिने असतील तर सालात ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढे ५९१. मधला बहमन डिसेंबर-जानेवारीत विभागला जातो, तिथे तारीख पाहावी लागते. म्हणजे १३४७ फसली हे १९३७-३८. महिना मोहरम, रमजान असा लिहिला असेल तरच हिजरी धरा. मोडी कागदावर शके असेल तर ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो.

आमचं गाव निलंगा तालुक्यात आहे. गावाचे जुने कागद लातूरला मिळत नाहीत. कुठे शोधावेत?

सध्या खासरा पत्रकं (शेतजमिनीच्या जुन्या नोंदी) आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदींसाठी रोज कुणी ना कुणी येतं, आणि बहुतेकांची अडचण हीच असते. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी निलंगा उस्मानाबादेत होतं, आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. किनवट तेव्हा आदिलाबादेत. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. कागद ज्या काळचा, त्या काळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आधी विचारायचं. यादीत जुनं नाव शोधायचं, जसं अंबाजोगाईसाठी मोमिनाबाद.

दुसरं म्हणजे गाव दिवाणीचं (थेट सरकारी अंमलाखालचं) होतं, सर्फ-ए-खासचं (निजामाच्या खासगी मालकीचं) की जहागिरीतलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९४९ साली जहागिऱ्या रद्द होईपर्यंत जहागिरीच्या गावांचा कारभार जहागीरदाराच्या कचेरीतून चालायचा. देवस्थान किंवा दर्ग्याच्या इनामाचं काम असेल तर मुंतखब शोधा. अतियात, म्हणजे इनामं पाहणाऱ्या खात्याचा तो मुख्य दस्त. संस्थानच्या वरच्या कचेऱ्यांचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. आपल्या राज्याच्या पुराभिलेख विभागाचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, सुरुवात तिथून करा. जाताना गावाचं नाव उर्दूत लिहून न्या. शिकस्ता, म्हणजे उर्दूच्या घाईच्या वळणात नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गळतात, आणि एका गावाचं दुसरंच गाव वाचलं जातं.

तुमच्याकडे दिवसभर काम तरी काय असतं? (एक विद्यार्थिनी, परभणी)

सकाळी कपाटं उघडून हवा देतो. एक बस्ता घेतो, मऊ ब्रशने मधून कडेला धूळ काढतो, पानं मोजतो, आकडे घालतो. मग दाखल नोंदवहीत कुणी दिलं, घरात कुठे होतं, लिपी कोणती, साल कोणतं, कागदाची अवस्था कशी, हे लिहितो. एका बस्त्याला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे एका ओळीवर दुपार जाते. मधे लोक येत राहतात. वारसाच्या वादातला माणूस, पीएच.डी.चा विद्यार्थी, आईचं माहेर शोधणारी बाई. ये एक दिवस, शेजारी बस. मोडी शिकवतो.

आमचं गाव किल्लारीच्या भूकंपात गेलं. नव्या गावातल्या पोरांना जुनं गाव माहीत नाही, कागदही ढिगाऱ्यात गेले. आता काय जमवता येईल? (औसा तालुका)

पुष्कळ जमवता येईल, पण उशीर करू नका. ३० सप्टेंबर १९९३ला जे तिशीत होते ते आज साठी ओलांडून गेले. बावन्न गावं नव्या जागी उठली. नव्या गावात घरं रांगेत पडली, जुना शेजार बहुतेक ठिकाणी विखुरला. म्हणून पहिला प्रश्न शेजाराचा विचारा : तुमच्या भिंतीला भिंत कुणाची होती?

मोठा कोरा कागद जमिनीवर अंथरा. वेस, मारुतीचा पार, चावडी, आड एवढं काढून ठेवा आणि भोवती चार-पाच जणांना बसवा. एक जण चुकला की दुसरा दुरुस्त करतो. बायकांना वेगळं बसवून विचारा. पाण्याच्या आणि जात्याच्या वाटा त्यांच्याच पायाखालच्या. एका आजींनी माझ्यासमोर डोळे मिटून, बोट हवेत फिरवत, वेशीपासून आडापर्यंतची घरं सांगितली : माळवद कुणाचं, पत्रा कुणाचा, दारात लिंब कुणाच्या. त्या नकाशावर आम्ही आजींचं नाव घातलं.

१९९३ पूर्वीच्या मतदारयाद्या, शाळेची रजिस्टरं तालुक्याला शोधा आणि नकाशाशी ताडून पाहा. लग्नाचे फोटो मागा. मंडपामागे जुनी भिंत, जुनी गल्ली दिसते.

त्या रात्रीबद्दल तुम्ही होऊन विचारू नका. त्याआधी विसर्जनाची मिरवणूक झाली होती, बोलता बोलता माणूस तिथे आपोआप येतो. आला तर मधे बोलू नका. थांबायचं म्हणाला तर रेकॉर्डिंग लगेच बंद करा, आणि जे झालं तेही ठेवायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आपल्या आवाजात तारीख, जागा, सांगणाऱ्याचं नाव आणि त्याचं जुन्या गावातलं घर कोणत्या आळीत होतं ते बोला. एक प्रत गावात, एक आमच्याकडे. कागदावरचा नकाशा मात्र घडी न घालता गुंडाळून आणा.